नकाशा फायनल करण्याआधी कॉन्ट्रॅक्टरला बोलवा!

गाळा भाड्याने घेतला, कर्ज मंजूर झालं, आर्किटेक्टने छान नकाशा काढून दिला. मग आपण कॉन्ट्रॅक्टर शोधायला निघतो. इथेच अनेकांचं बजेट कोलमडतं. कारण त्याला आपण फार उशिरा बोलावतो.

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग बघा. 102 मजले. मार्च 1930 मध्ये काम सुरू आणि 1 मे 1931 ला उद्घाटन! इथे डिझाइन चालू असतानाच कॉन्ट्रॅक्टर आर्किटेक्टसोबत बसला होता. खिडक्यांच्या बाजूने धातूच्या पट्ट्या घेतल्या, त्यामुळे दगडाच्या कडा घासून जुळवत बसावं लागलं नाही. वेळ आधी कागदावर वाचला, मग साइटवर.

आपलं काम छोटं असलं तरी हिशोब तोच. समजा, तुम्ही फरसाणचं युनिट टाकताय. फरशी रोज धुवायची. दारापासून नाली 6 मीटरवर. 100 ला 1 असा उतार धरला, तर नालीपाशी फरशी 6 सेंटीमीटर खाली हवी. नकाशात मात्र सगळं सपाट दिसतं! अनुभवी कॉन्ट्रॅक्टर विचारेल, "साहेब, पाणी जाणार कुठे?" हा प्रश्न आधी आला तर पेन्सिलने सुटतो. फरशी बसल्यावर आला तर तोडफोड, आणि तोवर भाडं चालू, हप्ताही चालू.

प्लायवूडचंही तसंच. शीट 8 बाय 4 फुटांचं. रॅकची खोली 2 फुटांच्या जराशी आत ठेवली, तर रुंदीत दोन फळ्या निघतात. सव्वादोन फूट ठेवली, की एकच!

मग करायचं काय?

1. कच्चा नकाशा झाला की आर्किटेक्ट आणि कॉन्ट्रॅक्टर, दोघांना एकत्र जागेवर न्या.

2. कॉन्ट्रॅक्टरला त्या भेटीची फी द्या. फुकट सल्ला घेतला, की काम त्यालाच द्यायचं दडपण येतं.

3. ठरलेले बदल तारखेसह ड्रॉइंगवर उतरवा. तेच ड्रॉइंग दाखवून आणखी दोघांकडून कोटेशन घ्या.

एक सावधगिरी. कॉन्ट्रॅक्टर कधीकधी स्वतःला सोपं पडेल तेच सुचवतो. म्हणून प्रत्येक बदलाला "का?" विचारा. आणि भिंत पाडायची किंवा बीमला भोक पाडायचं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आजचा गृहपाठ: नकाशा समोर घ्या आणि पाणी, वीज, माल कुठून येणार, कुठून जाणार, ते बोटाने फिरवून बघा. बोट जिथे अडेल, तो तुमचा कॉन्ट्रॅक्टरला विचारायचा पहिला प्रश्न!