वज्री गेली भंगारात!

दिवाळीचा फराळ संपला. डबे घासूनपुसून फडताळात गेले, पाहुणे आपापल्या गावी पोचले आणि तुम्हीही जरा पाठ टेकलीत. आता नोव्हेंबर-डिसेंबरचे हे दिवस म्हणजे गृहिणीच्या वर्षातले खरे निवांत दिवस. पापड-लोणच्यांची घाई अजून लांब, परीक्षा लांब, हवा कशी छान! अशा वेळी एखादा रविवार घराबाहेर काढावासा वाटतो. मग आपण जातो कुठे? नाटकाला, सिनेमाला, नाहीतर नणंदेकडे.

मी म्हणते, यंदा एकदा संग्रहालयात जा.

हसलात ना? मीही हसले असते. ‘म्यूझियम’ म्हणजे शाळेच्या सहलीत मुलांनी रांगेने जायची जागा, अशीच माझीही समजूत होती. ती मोडली एका वज्रीमुळे. ती हकिकत आधी सांगते, मग बाकीचं.

माझं सासर हर्ण्याचं. रत्नागिरी जिल्ह्यातलं दापोली तालुक्यातलं हे बंदर. हर्णे म्हटलं की तुम्हाला मासळीचा लिलाव आठवेल आणि समोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं, त्यात आमच्या घरावरची कौलं पत्त्यांसारखी उडाली. माड आडवे झाले. माळ्यावरचा पेटारा तीन दिवस भिजत होता. आम्ही पोचलो तेव्हा आतल्या वह्यांचा लगदा झाला होता आणि फोटो एकमेकांना चिकटले होते. पाठोपाठ भंगारवाला आला. मीच पदर खोचून उभी राहिले आणि पेटाऱ्यातलं ‘नको ते’ सगळं तराजूत टाकलं. त्यात एक पितळेची वज्री होती, पाय घासायची. वर दोन पोपट, खाली खरखरीत तळ. आता कोण वापरतं वज्री? मी पितळेच्या भावाने मोजून दिली.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, “अगं, पेटाऱ्यात पोपटांची वज्री होती ना?”

“दिली आई. किती काळी पडली होती.”

त्या काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाल्या, “माझ्या सासूबाई माहेराहून दोनच वस्तू घेऊन आल्या होत्या. एक ती होती.”

पुढे एका हिवाळ्यात भाचीने पुण्याला नेलं, तेव्हा शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. तिथे काचेच्या कपाटात ओळीने वज्र्या मांडलेल्या! कुणावर मोर, कुणावर हत्ती. लोक वाकून वाकून बघत होते. मला मात्र तिथे उभं राहवेना.

हे घर कुणी भरलं?

या संग्रहालयाची गोष्ट प्रत्येक गृहिणीने ऐकावी अशी आहे. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला आणि त्याचंच नाव त्यांनी आपल्या संग्रहाला दिलं. १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, ती जन्मभर. पत्नी कमलाबाईंची या वेडाला साथ होती. आणि जमवलं काय? नुसती तलवार-ढाल नव्हे! अडकित्ते, समया, शेवयांचे साचे, फण्या, दौती, कोरीव दारं, स्वयंपाकाची भांडी. वीस हजारांवर वस्तूंचा हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला.

म्हणजे बघा, तुमच्या-माझ्या आज्यांनी रोज हाताळलेल्या वस्तू हाच तिथला इतिहास. पण त्या कपाटांपुढे उभं राहिलं की एक गोष्ट खटकते. वस्तू आहे, ती वापरणारीचं नाव नाही. ही वज्री कुणाची? कुठल्या गावची? ती सासरी आली तेव्हा किती वर्षांची होती? चिठ्ठीवर ते नसतं, कारण वस्तू घरातून निघाली तेव्हाच कुणी ते सांगितलं नव्हतं. दोष संग्रहालयाचा नाही. दोष आपला, पेटारा रिकामा करणाऱ्यांचा.

थंडीतच का जायचं?

एरवी संग्रहालय म्हणजे कपाटं आणि पाट्या. पण हिवाळ्यात तिथे माणसं बोलतात! दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह देशभर साजरा होतो. त्या सुमारास आणि पुढे फेब्रुवारीपर्यंत ठिकठिकाणी व्याख्यानं, जुन्या छायाचित्रांची प्रदर्शनं, मुलांसाठी मातीकाम, मोडी लिपीची ओळख, जुन्या पेठांतून पायी फेरी असे कार्यक्रम होत असतात. मुंबईत तर १९९९ पासून काळा घोडा परिसरात असा उत्सवच भरतो. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. तिथे मातीच्या छोट्या बाहुल्यांतून जुन्या मुंबईतली माणसं आणि त्यांचे पोशाख बघायला मिळतात. मुलांना ते फार आवडतं आणि खरं सांगू, आपल्यालाही!

कोकणातल्या भगिनींनी मुंबई-पुण्याकडेच डोळे लावून बसायला नको. रत्नागिरीचा थिबा राजवाडा घ्या. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत करून इकडे आणलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. आज तिथे शासनाचं संग्रहालय आहे. मात्र तिथे गेलात तर राजाबरोबर त्याच्या मुलींचीही चौकशी करा. थोरली राजकन्या ब्रह्मदेशात जाऊनही रत्नागिरीलाच परतली, इथेच संसार केला आणि इथेच मेली. राजवाड्यात वाढलेल्या मुलीने साध्या घरात दिवस कसे काढले असतील? बायकांनी विचारावा असा हा प्रश्न आहे आणि आपण नाही विचारला तर कोण विचारणार?

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. वाचनालयाने जुन्या वस्तूही जपल्या आहेत. २२ जुलै २०२१ च्या महापुरात पाणी तिथेही शिरलं. चिपळूणकरांनी चिखलातून पुन्हा उभारणी केली. पाण्याचं हे भय कोकणातल्या घरोघरी आहे. म्हणून तर म्हणते, आठवणी एकाच पेटाऱ्यात ठेवू नयेत.

सुवर्णदुर्ग आणि एक विलायती बाई

आता आमच्या हर्ण्याकडे या. खरं तर हे गावच उघड्यावरचं संग्रहालय आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, तिथे दीपगृह. शेजारी फत्तेगड आणि गोवा किल्ला, आणि पाण्यात सुवर्णदुर्ग. पावसाळ्यात तिकडे नुसतं बघायचं. समुद्र शांत झाला की थंडीत होड्या जातात. पायऱ्यांशी उतरायची सोय नाही, तेव्हा साडी जरा वर खोचायची तयारी ठेवा! दारात पायरीवर कासव कोरलेलं आहे, भिंतीवर मारुती. आत पाण्याची टाकी, पडके चौथरे आणि माजलेलं रान.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात आपला सुवर्णदुर्ग आहे. बारांतले अकरा महाराष्ट्रात, एक तामिळनाडूतला जिंजी. आता पाहुणे वाढतील. आरमार, आंग्रे, लढाया यांबद्दल त्यांना सांगायला पुस्तकं आहेत. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती कळल्यापासून डोक्यातून जात नाही.

एप्रिल १७५५ मध्ये विल्यम जेम्स या इंग्रज अधिकाऱ्याने पेशव्यांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला. पुढे तो विलायतेत परतला आणि १७८३ मध्ये वारला. त्याच्या विधवेने दुसऱ्याच वर्षी लंडनजवळच्या एका टेकडीवर नवऱ्याच्या आठवणीसाठी तीन कोनांचा एक मनोरा बांधला. त्याला नाव काय दिलं असेल? ‘सेव्हर्नड्रूग’. म्हणजे इंग्रजी जिभेवरचा आपला सुवर्णदुर्गच! तो मनोरा आजही उभा आहे. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन तो पुन्हा लोकांसाठी उघडला आणि तिथले स्वयंसेवक येणाऱ्यांना त्याची कथा सांगतात.

ज्यांचा किल्ला गेला, त्यांच्याही घरी बायका होत्याच ना? तोफांचे आवाज ऐकत किनाऱ्यावर चुली पेटवणाऱ्या. त्यांची एक ओळ कुठे नाही. त्या विलायती बाईकडे पैसा होता, तिने मनोरा बांधला. आपल्याला मनोरा नको. एक वही आणि एक पेन्सिल पुरेल.

ओटीवरचा रविवार

गेल्या हिवाळ्यात मी ती वही घेऊन सासूबाईंपाशी बसले. त्यांना आता कालचं आठवत नाही. जेवण झालं की नाही हेही पुन्हा विचारतात. पण त्यांच्या सासूबाई आगबोटीने नवी नवरी होऊन कशा आल्या, मोठी बोट लांब थांबून पडावात उतरताना कशा घाबरल्या, आणि त्या वेळी छातीशी धरलेल्या गाठोड्यात ती वज्री होती, हे त्यांनी मला घडाघडा सांगितलं. मी लिहून घेतलं. वस्तू गेली, गोष्ट तेवढी हाती लागली. आणखी दोन वर्षं थांबले असते तर तीही गेली असती.

मग वारसा सप्ताहातल्या रविवारी शेजारपाजारच्या पाच घरच्या बायकांना ओटीवर बोलावलं. अट एकच: घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि ती कुणाची होती ते सांगायचं. एकीने जाळं विणायची लाकडी सुई आणली. मोहल्ल्यातल्या भाभींनी सासऱ्यांचं बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक आणलं, त्यातला फोटो त्यांच्या नातवाने पहिल्यांदाच पाहिला. एकीने रिकाम्या हाताने येऊन नुसतं ओवीचं जातं कुठे होतं ते सांगितलं आणि तिचे डोळे भरून आले. दोन तास कसे गेले कळलं नाही. चहा तेवढा दोनदा करावा लागला!

तुमच्या शहरात हे सहज होईल. महिला मंडळात, बचत गटात, सोसायटीच्या गच्चीवर, मुलांच्या शाळेत. शेजारच्या संग्रहालयात एखादा कार्यक्रम आधी बघून आलात तर कल्पना आणखी येईल.

जाण्यापूर्वी आणि आल्यावर

• बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. निघण्यापूर्वी फोन करून वेळ आणि कार्यक्रम विचारा.

• सगळं एका दिवसात बघू नका. दोन दालनं पुरेत. मुलांना एकच काम द्या, ‘आपल्या आजीच्या घरी होती अशी वस्तू शोध’.

• घरच्या प्रत्येक जुन्या वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधा: कुणाची, कुठली, कशासाठी, साधारण कधीची. हीच मजकुराची नक्कल वेगळ्या वहीत ठेवा.

• फोटोच्या पाठीवर नावं मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. गोंद, चिकटपट्टी आणि बॉलपेन नको.

• कागद भिजले तर उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, खाली टिपकागद घालून वाळवा. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा.

• जरीची साडी धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

• जुनं पितळ चिंच लावून लखलखीत करायचा मोह आवरा. घासून घासून त्यावरचं नाव आणि नक्षी जाते.

• आणि भंगारवाला दारात आला तर? आधी घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा. मग तराजू.

परवा भाचीचा फोन आला. “मामी, आईच्या माळ्यावर एक पोळपाट सापडलाय, एक पाय तुटका. टाकू?”

“थांब,” म्हटलं. “आधी आईला विचार, त्यावर पहिली पोळी कुणी लाटली होती. लिहून घे. मग बघू टाकायचं की नाही ते.”