फिशिंग रॉडवरचे आकडे कसे वाचायचे? भूगाव-मुळशीच्या पाण्यासाठी पहिला स्वस्त रॉड

मासेमारीचा एक व्हिडिओ बघितला की यूट्यूब पुढचे दहा व्हिडिओ अमेरिकेतले दाखवतं. त्यांत 'नवशिक्यांसाठी स्वस्त वॉलआय रॉड' हा प्रकार हमखास असतो. मग भूगाव-बावधनला राहणारा, शनिवारी-रविवारी पौड रस्त्याने मुळशीकडे जाणारा एखादा जण तेच स्पेसिफिकेशन ऑनलाइन शोधतो. सापडतंही. फक्त एक अडचण आहे, वॉलआय हा मासा आपल्याकडे नाहीच. तो उत्तर अमेरिकेतल्या थंड पाण्यातला, १९६५ पासून मिनेसोटा राज्याचा अधिकृत मासा. अंधुक उजेडात शिकार करतो आणि आमिष अगदी हलकं टिपतो. त्याच्यासाठी ३ ते १४ ग्रॅमची छोटी आमिषं फेकणारा हलका, संवेदनशील रॉड लागतो.

आपल्याकडे काय चालतं? तलावाच्या काठावर बसलेल्या कोणालाही बघा. कणकेचा किंवा पेंडीचा मोठा गोळा, वर शिसं. सगळं मिळून ३०-४० ग्रॅम सहज होतं. १४ ग्रॅमसाठी बनवलेल्या रॉडने हे जोरात फेकलं तर टोक मोडणार. आणि मोडल्यावर विक्रेता म्हणणार, 'वापर चुकीचा झाला.' त्याचं म्हणणं बरोबरच असेल, कारण मर्यादा रॉडवर छापलेली असते.

म्हणून आधी ते छापलेलं वाचायला शिकू.

मुठीच्या वर काय लिहिलेलं असतं

रॉड हातात धरला की मुठीच्या थोडं वर बारीक अक्षरांत एक ओळ दिसते. दिसत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने झूम करा. ऑनलाइन घेत असाल तर त्या भागाचा फोटो लिस्टिंगमध्ये आहे का ते बघा. नसेल तर तो रॉड सोडून द्या, रेटिंग कितीही तारे असोत.

पहिली गोष्ट लांबी. ७ फूट म्हणजे साधारण २.१ मीटर. काठावरून फेकायचं असेल तर लांब रॉड बरा, पण मागे झाडं असतील तर ८ फुटांच्या वर जाऊ नका.

दुसरी 'पॉवर'. रॉड वाकवायला किती जोर लागतो ते ही सांगते. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी अशी चढती भाजणी असते. तिसरी 'ॲक्शन', म्हणजे रॉड कुठे वाकतो. फास्ट ॲक्शनचा फक्त वरच्या टोकाकडे वाकतो, मॉडरेट मधल्या भागापर्यंत आणि स्लो जवळपास मुठीपर्यंत. पॉवर आणि ॲक्शन यांत बऱ्याच जणांची गल्लत होते. हेवी पॉवरचा रॉड स्लो ॲक्शनचा असू शकतो, आणि उलटही. दुकानात तपासायचं तर मित्राला टोकाजवळ दोरी बांधून हलकेच ओढायला सांगा आणि बाजूने स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. बाक कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसतं.

पुढे दोन रेंज असतात. एक दोरीची ताकद, बहुतेकदा पाउंडात. १ पाउंड म्हणजे ०.४५ किलो, त्यामुळे '८ ते १४ पाउंड' म्हणजे साधारण ३.६ ते ६.४ किलो. दुसरी रेंज ल्यूअरच्या वजनाची, ग्रॅममध्ये किंवा औंसात. १ औंस म्हणजे २८ ग्रॅम. मघाशी टोक मोडलं ते हाच आकडा न वाचल्यामुळे. यात आमिष आणि शिसं दोन्ही धरायचं.

मग आपल्याकडे कोणता?

मासा ठरला की रॉड ठरतो. पुण्याच्या आसपासच्या धरणांत आणि तलावांत कटला, रोहू, मृगळ सोडलेले असतात. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, मत्स्यबीज सोडून इथे वाढवलेले. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. कटला पाच-सात किलोचा होणं ही नवलाची गोष्ट नाही. त्यांच्यासाठी ७ ते ८ फूट, मीडियम पॉवर, मॉडरेट ॲक्शन, १५ ते ४० ग्रॅम वजन पेलणारा रॉड घ्या. मॉडरेट यासाठी की माशाने झटका दिला तर रॉडच वाकून तो झटका पचवतो, गळ तोंडातून निसटत नाही.

चिलापी हवी असेल तर खरं सांगायचं तर रॉडचीच गरज नाही. बांबूची सरळ काठी, काठीएवढाच तंगूस, छोटा गळ, गांडूळ. शंभर रुपयांत काम होतं. मासा आमिष ओढतोय की नुसतं चोचावतोय हे हाताला कळायला काठीइतकं चांगलं काही नाही.

मरळ हा वेगळाच प्रकार. पाणवनस्पतींत दबा धरून बसतो, बेडकाच्या आकाराच्या ल्यूअरवर झेप घेतो आणि लगेच परत गवतात शिरतो. त्याला मीडियम हेवी, फास्ट ॲक्शन आणि विणलेली दोरी लागते. पहिल्या रॉडने मरळीच्या मागे लागू नका, आधी फेकायला शिका.

खडस म्हणजे आपला महाशीर, त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. या माशाचं शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स याने १८३९ मध्ये केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून. म्हणजे हा अगदी आपल्या घरचा मासा. नद्यांत तो कमी झाला, म्हणून टाटा पॉवरने लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पिल्लं तयार करून सोडायचं काम १९७० च्या दशकापासून चालवलं. गळाला लागलाच तर ओल्या हाताने धरा, फोटो पाण्याजवळच काढा आणि सोडून द्या. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला तर सोडणं सोपं जातं.

पैसे कुठे घालायचे

फोन घेताना १०८ मेगापिक्सेलला भुलायचं नसतं, हे तुम्हाला माहीत आहे. रीलच्या डब्यावरचं '१३ बॉल बेअरिंग' त्याच जातीचं. स्वस्त तेरा बेअरिंगपेक्षा नीट बसवलेली चार चांगली. रॉडवरचं 'आयएम६', 'आयएम७' हेही असंच. आयएम६ हे मुळात एका कंपनीच्या कार्बन धाग्याचं व्यापारी नाव होतं, सगळ्यांना बांधील असं मोजमाप नाही. रीलचा २५०० किंवा ३००० हा आकारसुद्धा कंपनीनुसार थोडा बदलतो, पण वरच्या मीडियम रॉडला ३००० च्या आसपासचं स्पिनिंग रील जुळतं.

कार्बन की फायबरग्लास? कार्बन हलका आणि संवेदनशील, पण खडकावर आपटला की बारीक चीर पडते आणि पुढच्या खेपेला तिथेच मोडतो. फायबरग्लास जड, पण मार सोसतो. स्कूटरवर पायाशी बांधून नेणार असाल तर माझं मत सरळ फायबरग्लास किंवा दोन्हींचं मिश्रण. दोन तुकड्यांचा घ्या. टेलिस्कोपिक रॉड बॅगेत मावतो म्हणून मोह होतो, पण प्रत्येक सांध्यात वाळू जाते आणि स्वस्तातला असेल तर फेकताना सांधे फिरतात, कड्या एका रेषेत राहत नाहीत.

बजेट अडीच हजार असेल तर रॉड आणि रीलवर जवळपास सारखे पैसे घाला आणि तीन-चारशे तंगूस, गळ, शिसं यांना ठेवा. सगळं एका डब्यात देणाऱ्या कॉम्बो किटमध्ये तीस-चाळीस वस्तू असतात, त्यातल्या पाच कामाच्या. किटमधला तंगूस तर बहुतेक वेळा बदलावाच लागतो.

पार्सल उघडताना व्हिडिओ चालू ठेवा. मग कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. कुठे कापसाचे धागे अडकले तर ती कडी आतून तडकलेली आहे, ती दोरी कापत राहणार. असा रॉड परत पाठवा.

रीलवरचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी किती जोराला सुटेल ते ठरवणारा स्क्रू, हाताच्या अंदाजाने लावू नका. प्रवासाच्या बॅगा मोजायचा छोटा काटा घ्या, दोरी त्याला बांधून ओढा. ६ किलोची दोरी असेल तर दीड ते दोन किलोला सुटायला हवी. गाठीपाशी दोरी कमजोर होते, म्हणून एवढी जागा ठेवायची. आणि मासा काठावर आला की रॉड सरळ उभा करून उचलू नका, जाळी वापरा. निम्मे रॉड तिथेच मोडत असतील.

काठावर जाण्याआधी

बहुतेक तलावांतले मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. मत्स्यबीज त्यांनी पैसे देऊन सोडलेलं असतं, त्यामुळे 'एक तर मासा पकडला' हा युक्तिवाद त्यांच्यापुढे चालत नाही, आणि चालूही नये. भूगावचा मानस तलाव असो की आणखी कुठला, आधी ग्रामपंचायतीत किंवा संस्थेत विचारा. काही ठिकाणी दिवसाचे पैसे घेऊन बसू देतात. मुळशी धरण टाटा पॉवरचं आहे, तिथे तर परवानगीशिवाय नकोच. पावसाळा हा या माशांच्या विणीचा काळ, तेव्हा रॉड घरीच असू द्या.

आणखी एक, कार्बन विजेचा वाहक आहे. आठ फुटी रॉड उचलून फेकताना वर विजेच्या तारा नाहीत ना, हे प्रत्येक वेळी मान वर करून बघायचं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ढग जमून गडगडायला लागलं तर रॉड खाली ठेवून काठावरून उठा आणि गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जाऊन थांबा.