ब्राझीलच्या ओढ्यांतील डॉब्सनमाश्या

ॲमेझॉनच्या खोऱ्यात १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षे कीटकसंग्रह करीत हिंडलेल्या हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाच्या गौरवार्थ कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅक्लाक्लनने एका डॉब्सनमाशीला ‘कोरीडॅलस बेट्सी’ असे नाव दिले आणि ती जाती शास्त्राच्या दप्तरी दाखल झाली. परंतु दप्तरी नाव लागणे निराळे आणि ओढ्याकाठी सापडलेला जीव त्याच नावाचा आहे हे निर्विवादपणे सिद्ध करणे निराळे, आणि या दोहोंमधील अंतर काटण्यातच ब्राझीलमधील अभ्यासकांचे पुष्कळ श्रम खर्ची पडले आहेत.

कुळापर्यंतची ओळख सोपी आहे. डॉब्सनमाशीच्याच महापक्ष गणातील ऑल्डरमाशी लहान व काळपट असून तिच्या मस्तकावर साधे डोळे नसतात. डॉब्सनमाशी आकाराने मोठी, रात्री दिव्याकडे झेपावणारी, आणि तिला तीन साधे डोळे असतात. डॉब्सनमाश्यांतही पिवळ्या अंगावर काळे ठिपके मिरवणारा क्लोरोनिया वंश चटकन वेगळा काढता येतो.

खरी अडचण कोरीडॅलस वंशातील जाती ठरविताना येते. नराचे लांब जंभ हे वरकरणी ठळक लक्षण वाटते, परंतु एकाच जातीच्या थोराड नराचे जंभ लांब व खुजा नराचे आखूड असू शकतात, आणि रंगही नमुन्यागणिक बदलतो. म्हणूनच लाँगिनोस नावास या स्पॅनिश जेझुइट पाद्र्याने अत्यंत उत्साहाने दिलेल्या कित्येक नावांवर पुढे दुसऱ्या जातींची पर्यायी नावे म्हणून रद्द होण्याची पाळी आली. मेक्सिकोचे आतिलानो कोंत्रेरास-रामोस यांनी १९९८ साली या वंशाची जी समग्र फेरतपासणी प्रसिद्ध केली, तिचा मुख्य आधार नराच्या उदराचे टोक हा होता: ते कॉस्टिक पोटॅशमध्ये स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली जननांगांच्या तुकड्यांची ठेवण पाहिल्यावरच निकाल देता येतो. माझ्या मते या शाखेत इतके निर्णायक काम दुसरे झालेले नाही. माद्यांच्या बाबतीत मात्र ही कसोटी तितकीशी लागू पडत नाही.

अळ्यांची हकीकत याहून बिकट. डॉब्सनमाशीची मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर वा खडकांवर शेकडो अंडी घालते, अळ्या फुटताच पाण्यात पडतात, दगडांखाली राहून इतर जलकीटक खातात, आणि वाढ पुरी झाली की काठावरच्या मातीत जाऊन कोष करतात. डॉब्सनमाशीच्या अळीच्या उदराला आठ जोड्या पार्श्वतंतू व शेवटी आकड्यांचे दोन पाय. ऑल्डरमाशीच्या अळीला सात जोड्या व टोकाला एकच लांब तंतू. येथवर कुळ कळते, जाती नाही; कारण अळीला जननांगे नसतात, आणि तिचे नाव सांगायचे तर ती जिवंत आणून, मातीत कोष करू देऊन, तिच्यातून निघालेला प्रौढ नर ताडून पाहावा लागतो. मनाउस येथील ॲमेझॉन संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी कोरीडॅलस न्यूबिलससारख्या जातींच्या अळ्यांची वर्णने केली. पण ओढ्याच्या पाण्याचा कस अजमावताना हाती येतात त्या बहुधा अळ्याच, त्यामुळे अळीवरून जाती न कळण्याची ही उणीव केवळ संग्रहालयापुरती राहत नाही.

एवढ्यावर भागत नाही. डॉब्सनमाशीच्याच कुळातील, पण दक्षिण अमेरिकेत मुख्यत्वे चिलीकडे ठाऊक असलेल्या दुसऱ्या उपकुळातला ‘पुरी’ हा नवा वंश २०१३ साली थेट ब्राझीलमधूनच जाहीर झाला. आणि २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला लागलेल्या आगीत तेथील कीटकसंग्रहाचा बहुतेक भाग भस्मसात झाला. म्हणून नव्या संग्राहकांना एकच विनंती करावीशी वाटते: नर, मादी आणि अळी एकाच ओढ्यातून घ्या, चिठ्ठीवर स्थळ व तारीख लिहा, नमुने एकाहून अधिक संग्रहालयांत ठेवा, आणि ज्या अळीला प्रौढ नराचा दाखला नाही तिच्यापुढे वंशाचे नाव लिहून जातीची जागा कोरी सोडा.