चीनकडे डोळे लावून बसलेली घरं

महिन्यातून एकदा बीजिंगमधलं एक सरकारी कार्यालय एक तारीख जाहीर करायचं. अमुक दिवसापर्यंत नोंदलेल्या फायलींना मुलं नेमून दिली आहेत, एवढाच काय तो मजकूर. पण अमेरिका, कॅनडा, स्पेन, नेदरलँड्स अशा देशांमधली हजारो घरं त्या एका ओळीसाठी श्वास रोखून असत. आपली तारीख त्या ओळीच्या आत आली, तर दोन-चार दिवसांत फोन वाजणार. एका दिवसाने हुकली, तर पुन्हा महिनाभर थांबायचं. आणि पुढच्या महिन्यात ती तारीख पुढे सरकेलच, असं तरी कुठे होतं?

परदेशातून मूल दत्तक घेण्याच्या इतिहासात चीनची ही रांग सर्वांत लांब चाललेल्या रांगांपैकी एक. ती 1990च्या दशकात सुरू झाली, 2005च्या सुमारास सर्वांत वेगाने सरकली, मग रखडली आणि 2024च्या सप्टेंबरमध्ये कायमची बंद झाली. तोवर चीनमधून दीड लाखाहून जास्त मुलं परदेशी घरांत गेली होती. त्यातली निम्म्याहून अधिक, म्हणजे 80 हजारांच्या वर, एकट्या अमेरिकेत.

रांगेत उभं राहण्याआधीच घामटं निघे. पहिली पायरी ‘होम स्टडी’ची. परवानाधारक समाजसेवक घरी येई आणि नवरा-बायकोला एकत्र आणि वेगवेगळं बसवून प्रश्न विचारी. तुमचे आईवडील तुम्हाला मारत का, तुमची भांडणं कशावरून होतात, कर्ज किती आहे, तुम्हाला काही झालं तर मुलाला कोण सांभाळेल. पगाराचे दाखले, डॉक्टरांचे दाखले, पोलिसांचा दाखला, ओळखीच्यांची शिफारसपत्रं, शिवाय बोटांचे ठसे. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची मंजुरी वेगळी. मग प्रत्येक कागदावर आधी नोटरीचा शिक्का, त्यावर राज्य सरकारचा, त्यावर चिनी वकिलातीचा. पोटच्या मुलासाठी असली परीक्षा कुणी देत नाही, ही कुरकुर जवळजवळ प्रत्येक जोडप्याने कधी ना कधी केली असणार. पण परक्या देशातलं लेकरू परक्या माणसांच्या हाती सोपवायचं, तर एवढी चौकशी हवीच.

फाइल बीजिंगला पोचली की तिची नोंद होई. ती ‘लॉग-इन’ची तारीख. या जगात माणसं एकमेकांना नावाने कमी आणि तारखेने जास्त ओळखत. ‘आम्ही मे 2005 वाले’ म्हटलं की समोरच्याला सगळं कळे.

2005च्या आसपास नोंदणीपासून साधारण सहा महिन्यांत ‘रेफरल’ येई: एक-दोन छोटे फोटो, मुलीचं नाव, अंदाजे जन्मतारीख, वजन-उंची, तिला काय खायला आवडतं याबद्दल एखादी ओळ. बहुतेक वेळा मुलगीच, वय वर्षाच्या आसपास. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत प्रवास. त्या त्या प्रांताच्या राजधानीतल्या हॉटेलात किंवा सरकारी कचेरीत एकाच सकाळी आठ-दहा मुली संस्थेतल्या आयांच्या कडेवरून नव्या आयांच्या कडेवर जात. रडारड चाले, आणि ती फक्त बाळांची नसे. अनाथालयाला द्यायची देणगी तेव्हा तीन हजार डॉलर होती. ती रोख द्यायची आणि नोटा कोऱ्या करकरीत हव्यात, अशी सूचना असे. हे तीन हजार डॉलर लक्षात ठेवायला हवेत.

शेवटचा मुक्काम ग्वांगजौ. अमेरिकेच्या चीनमधल्या वकिलातींपैकी दत्तक मुलांचा व्हिसा देण्याचं काम तिथलीच वकिलात करी. शामियान बेटावरच्या व्हाइट स्वान हॉटेलात ही कुटुंबं उतरत. तिथल्या लाल सोफ्यावर सगळ्या बाळांना ओळीने बसवून फोटो काढायचा रिवाजच पडला होता. मॅटेल कंपनीची एक खास बार्बी बाहुलीही इथे मिळे: सोनेरी केसांची बार्बी आणि तिच्या कडेवर चिनी बाळ. ही कल्पना ज्याला सुचली त्याने त्या बाळाच्या जागी स्वतःला कधी ठेवून पाहिलं असेल असं वाटत नाही.

2005 या एका वर्षात चीनमधून सुमारे 7,900 मुलं अमेरिकेत गेली. तो कळस होता.

पुढच्याच वर्षी गाडी अडली. आधी महिन्याकाठी महिन्याभराच्या फायली निकाली निघत. आता एका खेपेत चार-पाच दिवसांच्या फायली पुढे सरकू लागल्या, कधी कधी एखाद-दुसऱ्याच दिवसाच्या. हिशेब सोपा आणि भयंकर होता. महिन्याला पाच दिवस या गतीने एका महिन्याच्या फायली संपायला सहा महिने लागतात. सहा महिन्यांची वाट वर्षाची झाली, मग तीन वर्षांची, पाच वर्षांची. 2007च्या सुरुवातीला नाव नोंदवलेली काही कुटुंबं दहा वर्षं उलटल्यावरही रांगेतच होती. दरम्यान बोटांचे ठसे पंधरा महिन्यांत शिळे होत. मग पुन्हा ठसे, पुन्हा समाजसेवक, पुन्हा शुल्क. बाळासाठी रंगवलेल्या खोलीत पाहुण्यांची पथारी पडू लागली.

त्यातच 1 मे 2007पासून चीनने अटी कडक केल्या. पालकांचं वय 30 ते 50, लग्नाला किमान दोन वर्षं झालेली, एकट्या व्यक्तींना मनाई, उंचीच्या मानाने वजन फार नको, नैराश्यावरची औषधं चालू नकोत, मालमत्ता किमान 80 हजार डॉलरची. अर्ज फार आणि मुलं कमी, हे चीनने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

वाट बघणाऱ्यांनी मग चीनमधलीच एक जुनी रीत उचलली. शंभर घरांतून कापडाचा एकेक तुकडा मागायचा आणि ते जोडून बाळासाठी पांघरूण शिवायचं. आजीच्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीत वाढलेल्या मराठी माणसाला यातलं मर्म सांगावं लागणार नाही. तुकड्यासोबत एक शुभेच्छा लिहून पाठवायची. शिवायला वेळ भरपूर होता.

काही जण कंटाळून दुसऱ्या देशांकडे वळले. ग्वातेमालातून 2007 साली चार हजारांहून जास्त मुलं अमेरिकेत गेली आणि लगेच तो देश बंद झाला, कारण बाळांच्या खरेदी-विक्रीचे आरोप. मग इथिओपियाकडे ओघ वळला. 2010 साली तिथला आकडा अडीच हजारांच्या घरात पोचला आणि 2018च्या जानेवारीत इथिओपियानेही दार लावलं. एक देश बंद झाला की मागणी पुढच्या देशावर जाऊन आदळते, तिथे पैसा वाहतो, दलाल उगवतात, घोटाळा बाहेर येतो आणि तोही देश बंद होतो. हे चक्र इतक्यांदा फिरलं की त्याला योगायोग म्हणणं कठीण आहे.

मुळात चीनमधली मुलं रांगेच्या दुसऱ्या टोकाला आली कुठून? एक मूल धोरण 1980च्या सुमारास लागू झालं, खेड्यापाड्यांत मुलगा हवाच होता, म्हणून मुली बाजारात, पुलाखाली, पोलीस चौकीच्या दारात टाकल्या गेल्या. ही झाली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजच्या प्राध्यापिका के अ‍ॅन जॉन्सन यांनी उरलेली अर्धी शोधली. त्यांनी स्वतः 1991 साली वुहानमधून मुलगी दत्तक घेतली होती. पुढे अनेक वर्षं चिनी खेड्यांत हिंडल्यावर त्यांना दिसलं की टाकलेल्या मुली उचलून घरी नेणारी चिनी कुटुंबं काही थोडीथोडकी नव्हती. मुलगा आहे, आता एक मुलगी असावी, असं म्हणणारी घरं गावोगाव होती. त्यांना अडवलं कायद्याने. 1991च्या दत्तक कायद्याने परदेशी पालकांना दार उघडलं, आणि त्याच कायद्याने देशातल्या पालकांना अट घातली की दत्तक घेणारा 35 वर्षांवरचा आणि निपुत्रिक हवा. ‘दत्तक’ म्हणून कुणी स्वतःचंच दुसरं मूल लपवू नये, हा हेतू. परिणाम असा की शेजारच्या घरात जागा असलेली मुलगी अनाथालयात गेली आणि तिथून मिनेसोटाला.

तीन हजार डॉलरचा मुद्दा इथे येतो. चीनमधल्या गरीब जिल्ह्यातल्या संस्थेसाठी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. 2005च्या अखेरीस हुनान प्रांतात अनाथालयं दलालांकडून बाळं विकत घेत असल्याचं उघड झालं, आणि पुढच्या वर्षी एका अनाथालयाच्या प्रमुखासह दहा जणांना शिक्षा झाली. 2011 साली ‘त्साइशिन’ समूहाच्या साप्ताहिकाने त्याच प्रांतातल्या लोंगहुई तालुक्याचं प्रकरण छापलं. तिथे कुटुंबनियोजन अधिकाऱ्यांनी दंड न भरलेल्या घरांतून मुलं उचलून नेली होती, आणि त्यातली काही परदेशात दत्तक गेली होती. ‘टाकून दिलेली सापडली’ असं त्यांच्या कागदांवर लिहिलं होतं. त्याच कागदांवर विश्वास ठेवून कुणीतरी पांघरूण शिवत बसलं होतं.

मग रांग का अडली? चीनचा स्वभाव अचानक बदलला म्हणून नव्हे. 1999पासून देशांतर्गत दत्तकाच्या अटी सैल झाल्या, निपुत्रिक असण्याची सक्ती अनाथालयातल्या मुलांपुरती उठली. हातात पैसा आला. मुली टाकण्याचं प्रमाण घटलं, आणि टाकल्या गेल्या त्यांना घ्यायला चिनी पालक पुढे आले. यात सोनोग्राफी करून पोटातच मुलगी नाकारण्याचा वाटाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. तरीही रांग लांबण्याचा मोठा अर्थ हा होता की पूर्वी संस्थेत पोचली असती अशी निरोगी तान्ही मुलगी आता आपल्याच मुलखात कुणाच्या तरी घरी राहत होती. ओहायोतल्या जोडप्याला वाढलेल्या प्रत्येक वर्षाचं दुःख खरं होतं. पण रांग भराभर सरकत होती तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढे चित्र पालटलं. 2010च्या दशकात चीनमधून जाणारी बहुतेक मुलं आजारी, अपंग किंवा मोठ्या वयाची होती. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, डाऊन सिंड्रोम. त्यात मुलगेही तितकेच. या मुलांसाठी वेगळी यादी होती आणि तिथे वाट फार बघावी लागत नसे. या मुलांपुरतं सांगायचं तर परदेशी घर हाच अनेकांचा शेवटचा पर्याय होता, आणि टीकाकारांनीही हे मान्य करायला हवं.

2020च्या सुरुवातीला कोरोनामुळे सगळं थांबलं. तोवर मूल नेमून मिळालेल्या अमेरिकी कुटुंबांची संख्या काहीशे होती. फोटो मिळालेला, नाव ठरलेलं, काहींचं व्हिडिओवर बोलणंही झालेलं. चार वर्षं हे असंच लटकलं. मधे मोजक्या मुलांना सोडलं. मग 5 सप्टेंबर 2024 रोजी चीनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या माओ निंग यांनी नेहमीच्या पत्रकार परिषदेत सांगितलं की यापुढे जवळच्या रक्ताच्या नात्यातली किंवा सावत्र मुलं सोडता चीन परदेशी दत्तक देणार नाही. फोटो हातात असलेल्यांसाठी अपवाद नव्हता. रशियाने निदान थोडी फट ठेवली होती. 2013च्या जानेवारीत अमेरिकी पालकांवर बंदी आली, तेव्हा न्यायालयाचा निकाल आधीच हाती असलेल्यांना मुलं नेता आली. तिथेही मुलाला भेटून आलेली इतर अनेक कुटुंबं रिकाम्या हाताने राहिली, आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2017 साली त्याबद्दल रशियाला दोषी ठरवलं.

जगभरचा हा ओघच आटला आहे. 2004 साली अमेरिकेत परदेशातून जवळपास 23 हजार मुलं दत्तक आली होती. 2023 साली 1,275.

भारत या कहाणीत दुसऱ्या टोकाला उभा राहिलेला देश. पुण्यात 1979 साली जन्मलेली एक मुलगी ‘श्रीवत्स’ या संस्थेतून दत्तक गेली आणि पुढे ऑस्ट्रेलियाची अष्टपैलू क्रिकेटपटू लिसा स्थळेकर म्हणून जगाला माहीत झाली. तिच्या वेळी देशात नीट नियम असे नव्हतेच. अ‍ॅड. लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्राची दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: आधी भारतीय पालक, नंतर परदेशी. आज ‘कारा’ ही केंद्रीय संस्था सगळी नोंदणी एकाच यादीत करते, आणि पुण्यातल्या जोडप्याचा आणि न्यू जर्सीतल्या मराठी जोडप्याचा त्या यादीतला हक्क सारखाच धरला जातो.

म्हणजे रांग आता आपल्या दारातही आहे. निरोगी तान्ह्या बाळासाठी भारतीय पालकांना तीन ते साडेतीन वर्षं थांबावं लागतं, आणि ‘अनाथाश्रम भरलेत, मग मूल का मिळत नाही’ हा संताप ठरलेला. संस्थांमधल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात असतात. गरिबी, आजारपण किंवा घरातलं भांडण यामुळे ती तिथे असतात, आणि बालकल्याण समितीने दत्तकासाठी मुक्त ठरवल्याशिवाय त्यांना कुणालाही देता येत नाही. 2024-25 या वर्षात देशात 4,515 मुलं दत्तक गेली, त्यातली 4,155 देशातच. बहुतेक पालकांना दोन वर्षांच्या आतलं, धडधाकट बाळ हवं असतं. सहा-सात वर्षांची, भावंडांच्या जोडीने आलेली किंवा उपचार लागणारी मुलं यादीत तशीच राहतात, आणि त्यातली बरीच आजही अमेरिका, इटली, स्पेन, माल्टा इथल्या घरांत जातात.