परदेशी सेवेला निघताय? आधी घरचं बघा

पोरगं परदेशी निघालं की गावाला वाटतं, आता पैसाच पैसा! पण मंडळी, १९७० साली स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून कृषी पदवीधर वा परिचारिका बाहेर गेली, तर पगार नसतो. मिळतो तो निर्वाह भत्ता. घरात हे आधीच स्पष्ट सांगा. कर्जाचे हप्ते त्या भरवशावर ठेवू नका.

सातबारा तुमच्या नावे असेल, तर भावाच्या वा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करा. तिकडून करायचे तर वकिलातीत खेटे घालावे लागतात. जमीनविक्रीचा अधिकार मात्र विचार करूनच द्या.

आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाआधी किमान १० दिवस टोचून घ्या. २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो. तो जपा, नाहीतर परतताना ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. रात्री-अपरात्री आईला दवाखान्यात कोण नेणार? भाऊबंदांना, शेजाऱ्याला तोंडावर विचारा, होकार घ्या, मगच बॅग भरा. परमुलखाची सेवा जरूर करा, पण घर वाऱ्यावर सोडून नको.