छेद वेगळे असतील तर थेट बेरीज नको!

काल शेजारची नववीतली मुलगी वही घेऊन आली. तिने लिहिलं होतं:

१/क्ष + १/(क्ष+२) = २/(२क्ष+२)

म्हटलं, क्षची किंमत २ घेऊन बघ. डावीकडे अर्धा आणि पाव, म्हणजे पाऊण. उजवीकडे २/६, म्हणजे एक तृतीयांश. अर्ध्यात पाव मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल? तिचे डोळेच चमकले!

अर्धा आणि पाव मिळवताना आपण अर्ध्याचे दोन पाव करतो. इथेही तेच. दोन्ही छेदांचा गुणाकार क्ष(क्ष+२) हा समान छेद. पहिल्या अपूर्णांकाचे अंश आणि छेद (क्ष+२) ने गुणा, दुसऱ्याचे क्षने:

(क्ष+२+क्ष) / क्ष(क्ष+२) = (२क्ष+२) / क्ष(क्ष+२)

क्ष = २ ठेवा: ६/८, म्हणजे पाऊण. जुळलं!

मात्र छेदांचा गुणाकार दरवेळी लागत नाही. १/(क्ष−२) + १/(क्ष²−४) मध्ये आधी अवयव पाडा. क्ष²−४ = (क्ष−२)(क्ष+२), म्हणजे लसावि तोच. उत्तर (क्ष+३)/(क्ष²−४). हे अवयव पाडणं मला फार आवडतं, निम्मं गणित तिथेच सुटतं.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही समच्छेदाची रीत आहे.

कुठलं उदाहरण अडलंय? कमेंटमध्ये टाका, मिळून सोडवू.