कर्क कझिन्स आणि न टोचलेली लस



आपल्या वर्गाच्या हजेरीवहीवरून व्हायकिंग्जचे वेळापत्रक कोणालाही सांगता येईल. दुपारी बाराचा सामना असला की साडेअकरालाच निम्म्या मुलांच्या पोटात दुखू लागते. आम्हां शिक्षकांचीही नजर त्या दिवशी घड्याळाकडे असते, हे कबूल केलेले बरे! तेव्हा गेल्या महिन्यात 'हक्क' आणि 'जबाबदारी' हे दोन शब्द फळ्यावर लिहून वाक्ये करायला सांगितली, त्या वेळी मोठ्या गटातल्या एका मुलाने फुटबॉलचेच वाक्य केले याचे आम्हांला नवल वाटले नाही. त्याचे वाक्य असे होते : "लस न घेणे हा कर्क कझिन्सचा हक्क होता, पण मग त्याची जबाबदारी काय होती?"

व्याकरण बिनचूक. पुढचा अर्धा तास मात्र कोणी वाक्ये केली नाहीत, सगळे भांडले. मुलांना न्यायला आलेले पालकही दारात उभे राहून भांडले. शेवटी "वार्तापत्रात सविस्तर लिहू" असे सांगून आम्ही सुटका करून घेतली. तो शब्द आज पाळत आहोत.

धाकट्या गटासाठी आधी थोडी माहिती. व्हायकिंग्ज संघाचे मुख्य ठिकाण १९८१ पासून २०१८ पर्यंत आपल्या ईडन प्रेरीतच होते. त्याचे नाव विंटर पार्क. हे नाव हिवाळ्यावरून नव्हे, तर मॅक्स विंटर या संघमालकावरून पडले होते. २०१८ साली संघ नदीपलीकडे ईगनला गेला. त्याच वर्षी कझिन्स क्वार्टरबॅक म्हणून आला. तीन वर्षांचे ८ कोटी ४० लाख डॉलर, आणि तेही सगळे हमीचे. क्वार्टरबॅक म्हणजे काय हे आजी-आजोबांना सांगायचे तर असे सांगा : कर्णधार आणि यष्टिरक्षक एकाच माणसाने व्हायचे, आणि शिवाय प्रत्येक चेंडू त्याच्याच हातातून सुटायचा. असा माणूस नसला तर उरलेल्यांचे फार अडते.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची लस सर्व प्रौढांना मिळू लागली होती. एनएफएलने खेळाडूंवर लशीची सक्ती केली नाही, पण नियम दोन प्रकारचे ठेवले. लस घेतलेला खेळाडू एखाद्या बाधिताजवळ बसलेला असला तरी तपासणी करून खेळत राहू शकत होता. न घेतलेल्याला मात्र पाच दिवस विलगीकरणात, म्हणजे सर्वांपासून वेगळे, राहावे लागे.

शनिवार, ३१ जुलै २०२१. ईगनला संध्याकाळी प्रेक्षकांसमोर सराव होता. त्या दिवशी केलन मॉन्ड हा नवा क्वार्टरबॅक बाधित निघाला. कझिन्स आणि नेट स्टॅन्ली हे दोघे त्याच्या निकट संपर्कातले ठरले आणि तेही बाहेर बसले. चार क्वार्टरबॅकपैकी मैदानात उरला एकटा जेक ब्राउनिंग, कारण त्याने लस घेतली होती. इतका वेळ चेंडू फेकून त्याचा हात किती दुखला असेल, ते तोच जाणे. प्रशिक्षक माइक झिमर पत्रकारांपुढे आपला वैताग लपवू शकले नाहीत.

कझिन्स परत आल्यावर त्याने सांगितले की ही त्याच्या प्रकृतीची खाजगी बाब आहे, सगळे नियम तो कसोशीने पाळेल, आणि वेळ आली तर बैठकीत आपल्याभोवती पारदर्शक प्लॅस्टिकच्या भिंतीही उभ्या करील. या म्हणण्याची चेष्टा पुष्कळ झाली. आम्हांला ते चेष्टेपेक्षा विचार करण्याजोगे वाटते. ज्या खोलीत चार जण रोज तासन् तास एकत्र बसून चाली पाहतात, तिथे आपल्याभोवती भिंत लागेल असे ज्याला वाटते, त्याला आपला श्वास दुसऱ्यापर्यंत पोचतो हे ठाऊक आहे. मग ती बाब केवळ खाजगी कशी राहिली? मिशिगनमधल्या होलंड या त्याच्या गावच्या रुग्णालयाच्या जाहिरातीत तो असे. त्या रुग्णालयाने त्याच ऑगस्टमध्ये त्याला प्रवक्तेपदावरून दूर केले.

आमच्या वर्गात एका मुलीने त्याची बाजू फार चांगली मांडली. ती म्हणाली, "दर रविवारी धडका त्याच्या अंगावर बसतात. मग त्या अंगात काय टोचायचे ते त्यानेच ठरवायला नको का?" हा मुद्दा खरा आहे आणि आम्ही तो मान्य करतो. कोणी त्याला धरून सुई टोचावी असे आमच्यापैकी कोणाचेच म्हणणे नाही. शिवाय कझिन्सने काही लपवले नाही. ग्रीन बेच्या अॅरन रॉजर्सला लस घेतलीस का असे विचारले, तेव्हा त्याने ऐकणाऱ्याला 'हो' वाटेल असे उत्तर दिले, आणि नोव्हेंबरात तो बाधित झाल्यावर खरे बाहेर आले. त्याला १४,६५० डॉलर आणि त्याच्या क्लबला ३ लाख डॉलर दंड झाला. तसे कझिन्सने केले नाही, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे.

पण हक्काचा विचार करताना रिक डेनिसन यांची आठवण ठेवावी. ते व्हायकिंग्जचे सहायक प्रशिक्षक होते. खेळाडूंच्या जवळ काम करणाऱ्या प्रशिक्षकांना लस सक्तीची होती. त्यांनी अट पूर्ण केली नाही, म्हणून त्यांचे मैदानावरचे काम गेले आणि सल्लागाराचे पद हाती आले. म्हणजे ज्याच्यावाचून संघाचे अडत होते, त्याला 'हक्क' मिळाला. ज्याच्या जागी दुसरा आणता येत होता, त्याला मिळाला नाही. ही गोष्ट आमच्या मनाला सगळ्यात जास्त लागली.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही खोटे ठरू. लस म्हणजे चिलखत नव्हे. संघातल्या डकोटा डोझियरने लस घेतली होती, तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. डिसेंबरात ओमिक्रॉन आला, तेव्हा लस घेतलेलेही पुष्कळ जण बाधित झाले. लशीचा मोठा उपयोग गंभीर आजार आणि मृत्यू कमी करण्यात होता. ३१ डिसेंबरला कझिन्स बाधित निघाला. २ जानेवारी २०२२ ला ग्रीन बेला शॉन मॅनियन त्याच्या जागी खेळला, व्हायकिंग्ज ३७–१० असे हरले आणि पुढच्या फेरीच्या आशा संपल्या. तो पराभव सर्वस्वी न घेतलेल्या लशीच्या माथी मारता येणार नाही. ऑगस्टमधले पाच दिवस मात्र मारता येतात.

"गंभीर आजार त्यालाच होणार, मग त्यात दुसऱ्याचे काय गेले?" असेही एका पालकांनी विचारले. त्यांनी २०२१ चा नोव्हेंबर आठवावा. मिनियापोलिसच्या एचसीएमसीमध्ये आणि सेंट क्लाउडच्या रुग्णालयात खाटा आणि परिचारिका इतक्या अपुऱ्या पडल्या, की लष्कराची वैद्यकीय पथके बोलवावी लागली. त्या आठवड्यात करोनाचा नव्हे, नुसता अपघाताचा रोगी आला असता तरी त्याला वाट पाहावी लागली असती.

लशीची भीती काही आजची नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला त्यांचेच नाव आहे. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एका दूषित बाटलीतल्या लशीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, हे सिद्ध व्हायला काही वर्षे गेली. भिणारा माणूस मूर्ख असतो असे समजू नये. त्याच्या शंकेला उत्तर द्यावे लागते, आणि ते वेळेवर द्यावे लागते.

ते वेळेवर न दिल्यास काय होते, हे आपल्या हेनेपिन काउंटीने २०१७ मध्ये पाहिले. लशीने ऑटिझम होतो असे सांगणारा १९९८ चा एक लेख खोटा ठरून २०१० मध्ये मागे घेतला गेला होता, तरी आपल्या सोमाली शेजाऱ्यांमध्ये ती भीती कोणी ना कोणी पसरवत राहिले. त्या वर्षी राज्यात गोवराचे ७५ रुग्ण झाले. त्यांतली बहुतेक लस न घेतलेली मुले होती. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो, म्हणून शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांना लस लागते. राहिलेल्या पाचांत कोण असते? कर्करोगाचे उपचार घेणारे असतात, आणि तान्ही बाळे असतात, कारण गोवराची पहिली लस एरवी वर्षाच्या आत देत नाहीत. मिनेसोटात पालकांनी नोटरीसमोर सही केली तर शाळेसाठी लशीतून सूट मिळते. हा कायद्याने दिलेला हक्कच आहे. पण आपल्या वर्गाच्या मागच्या बाकावर दर रविवारी एक आठ महिन्यांचे बाळ आजीच्या मांडीवर झोपलेले असते. त्या कागदावर त्याच्या सहीसाठी जागा नसते.

मुलांनो, पुढच्या रविवारी येण्याआधी घरच्या आजी-आजोबांचे दंड पाहून या. तिथे देवीच्या लसीचा गोल व्रण दिसेल. आई-बाबांच्या दंडावरही खूण असेल, पण ती बहुधा क्षयाच्या, म्हणजे बीसीजीच्या, लसीची. देवीचा रोग जगातून गेला असे १९८० मध्ये जाहीर झाले, म्हणून तुमच्या दंडावर तो व्रण नाही. तो टोचताना काय झाले होते, कोण रडले, कोण पळाले, हे विचारून पाच ओळी लिहून आणा. पुढच्या रविवारचा सामना रात्रीचा आहे, तेव्हा पोटदुखी चालणार नाही.